रिकामं वजन

वजनकाट्यावर बसतो मी, आष्ट्याजवळच्या कारखान्यात,
रात्रपाळी, अकरावा हंगाम.
ट्रॉली आली की आधी भरलेलं वजन,
गव्हाणीत ऊस टाकून परतली की रिकामं.
वरच्यातून खालचं वजा केलं की उरतो तो ऊस.
एवढंच गणित येतं, एवढ्यावरच घर चाललंय.

म्हणून मगदूम डॉक्टर म्हणाले, "एकशे साठ, शंभर,"
तेव्हा सवयीनं वजाबाकी केली. साठ.
ते हसले नाहीत.
"चौगुले, वजा नाही करायचं. दोन्ही आकडे तुमचेच.
वरचा, हृदय आवळतं तेव्हाचा.
खालचा, ते सैल पडतं तेव्हाचा.
विसाव्यातसुद्धा शंभर आहे तुमचा."

मग माझ्या भाषेत सांगितलं:
मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, नळ्या तुडुंब होतात,
आणि काळजी त्याच नळ्या बाहेरून आवळते.
"ठिबकला जास्त पाणी सोडलं आणि वर नळी मुरगळली,
तर जोड कुठं सुटेल?"
"कुठंही."
"तेच म्हणतोय."

मिठाचं सोपं निघालं.
म्हणजे, सोपं नव्हतं. रात्री दोनला
डोळ्यावर झापड आली की भडंगाचा पुडा,
खारे दाणे, कॅन्टीनचा चहा,
डब्यात खर्डा, खर्ड्यावर लोणच्याचा खार.
पद्मलनं सगळं बंद केलं.
खोकल्याच्या जुन्या औषधाचं टोपण घेतलं,
सकाळी त्यात दिवसाचं मीठ मोजून भरते
आणि फडताळावर ठेवते, अक्षतांसारखं.
त्यातलंच आमटीला, त्यातलंच भाकरीला,
उरलं तर माझ्या पानात. उरत नाही.
पहिला आठवडा जेवण म्हणजे ओला पुठ्ठा.
आता दोडक्याला दोडक्याची चव असते हे कळलंय.

महिन्यानं एकशे अडतीस, अठ्ठ्याण्णव.
भरलेलं उतरलं. रिकामं जागचं हललं नाही.
डॉक्टर म्हणाले, "अजून काय खाता?"
म्हटलं, "शिव्या. बिनमिठाच्या."

पुढचं सांगितलं नाही.
काट्याच्या आत कुठंतरी एक आकडा आहे,
तो मी बसवलेला नाही, पण मला माहीत आहे.
ट्रॉलीमागं दोन क्विंटल झिरपतात.
शेतकी ऑफिसर खांद्यावर हात ठेवून म्हणतात,
"ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं माणसानं."
जागतोय की. अकरा हंगाम जागतोय.
हे मीठ टोपणात मोजता येत नाही.

परवा पहाटे गाड्या थांबल्या होत्या. धुकं.
मी स्वतःच काट्यावर जाऊन उभा राहिलो
आणि मान वाकडी करून खिडकीतून आकडा बघितला.
साठ.
दवाखान्यात अडुसष्ट भरलो होतो.
हा काटा वीस-वीस किलोंच्या टप्प्यानं मोजतो,
माणूस त्याच्या हिशेबात नाही,
हे मला ठाऊक आहे. तरी आठ किलोंसाठी
तिथंच उभा राहिलो, थंडीत,
पावती हातात धरलेल्या म्हाताऱ्यासारखा.

मग बागणीचा ट्रॅक्टर आला.
मडगार्डवर मफलर गुंडाळून बाबगोंडा आजोबा.
"बरोबर असंल न्हवं?"
दर खेपेला विचारतात. दर खेपेला मी "हां" म्हणतो.
त्या दिवशी "हां" घशाशी आलं आणि तिथंच बसलं.
म्हटलं, "आजोबा, बाहेरच्या काट्यावर एकदा तोलून या.
मी इथं नंबर राखतो."

ते माझ्याकडं बघत राहिले. मागं हॉर्न सुरू झाले.
माझी कानशिलं ठणकत होती.

आज अकराला ऑफिसात बोलावलंय.
टोपण भरून ठेवलंय फडताळावर.
डॉक्टरांची तारीख गुरुवारची.
खालचा आकडा काय निघेल, सांगता येत नाही.
वाढलासुद्धा असेल.